मोबाईलच्या ब्राउझरमधली कॅश अन् कुकीज साफ करणं: आपल्या इंदूरच्या ग्रुपवर परत परत येणारे प्रश्न

ग्रुपवर कोणीतरी लिहितं की साइट उघडत नाहीये, लगेच दुसरा सांगतो "कॅश क्लिअर करा", तिसरा विचारतो ती असते कुठे, आणि संध्याकाळपर्यंत कोणाचं तरी सगळं लॉगिन गेलेलं असतं. म्हणून सगळं एकदा एका जागी लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी फक्त हे फॉरवर्ड करा. रामबागेतल्या आजोबांना पण जमावं आणि विजय नगरात पीजीत राहणाऱ्या पोरांना पण कंटाळा येऊ नये अशा बेताने लिहिलंय. माझं म्हणणं एकच आहे, जेवढं बिघडलंय तेवढंच साफ करा, सगळं एकदम उडवायची वेळ फार क्वचित येते.

कॅश आणि कुकीज एकच ना?

नाही, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. कॅश म्हणजे साइटचं सामान, म्हणजे लोगो, फोटो, फॉन्ट, डिझाइनच्या फाइली वगैरे, जे ब्राउझर एकदा डाउनलोड करतो आणि फोनमध्येच ठेवून घेतो म्हणजे पुढच्या वेळी पान पटकन उघडतं आणि तुमचा डेटा पण वाचतो. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, एका कुकीत जास्तीत जास्त साधारण ४ केबी मजकूर मावतो, आणि त्यात तुमचं लॉगिन झालंय का, भाषा कुठली निवडली, कार्टमध्ये काय टाकलं असल्या गोष्टींची खूण असते. वेब मुळात विसरभोळं आहे, तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की साइटच्या दृष्टीने तुम्ही नवीनच माणूस, आणि यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू मॉन्टुली नावाच्या प्रोग्रामरने ही कुकीची भानगड काढली, ऑनलाइन दुकानातलं कार्ट लक्षात राहावं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

तर लक्षात ठेवायचं ते एवढंच की कॅश उडवली तर तुमचं काहीच जात नाही, फक्त पहिल्या वेळेला साइट जरा हळू उघडेल. कुकी उडवली तर तुम्ही त्या साइटवरून लॉगआउट होता.

मग साफ करायची गरज नक्की कधी पडते?

ही लक्षणं दिसली तर विचार करा.

साइट उघडते पण वाकडीतिकडी दिसते, बटणं एकमेकांवर चढलेली, किंवा बटण दाबलं तर काहीच होत नाही. बहुतेक वेळा साइटवाल्यांनी नवीन डिझाइन चढवलेलं असतं आणि तुमच्या फोनमध्ये अर्ध्या फाइली जुन्या राहिलेल्या असतात, जुनं आणि नवं एकमेकांशी जुळत नाही. हे कॅशचं काम.

लॉगिन करता, पासवर्ड बरोबर आहे, आणि साइट तुम्हाला परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडते, गोल गोल. किंवा स्क्रीनवर "टू मेनी रिडायरेक्ट्स" असं येतं. हे बहुतेक वेळा कुकीचं दुखणं असतं.

"४०० बॅड रिक्वेस्ट" आणि त्याखाली "रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज" असं आलं तर मग शंकाच नको. त्या साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये इतक्या कुकीज ठेवून दिल्यात की आता त्या सगळ्या एकदम परत पाठवल्या की तिचाच सर्व्हर त्या घ्यायला नाही म्हणतो. त्या एका साइटच्या कुकीज काढल्या की काम झालं.

कॅप्चाचं चित्र तेच जुनं दिसतंय आणि अक्षरं बरोबर भरून पण चूक सांगतंय, हा प्रकार फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी हमखास होतो. इथे कॅश आणि कुकी दोन्ही असू शकतं, पण खरं सांगायचं तर शेवटच्या दिवशी त्यांचा सर्व्हरच बसलेला असण्याची शक्यता जास्त. आधी पुढचा प्रश्न वाचा.

दोष माझ्या फोनचा का साइटचा, हे कसं ओळखायचं?

हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि कोणी करत नाही. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर जाऊन "न्यू इनकॉग्निटो टॅब" उघडा आणि तीच साइट तिथे टाका. इनकॉग्निटोमध्ये तुमच्या जुन्या कुकीज आणि जुनी कॅश वापरली जात नाही, सगळी कोरी पाटी. तिथे साइट नीट चालली तर दोष तुमच्या फोनमध्ये साठलेल्या जुन्या मालाचा, साफ करा, ठीक होईल. तिथेही रडतेय तर कॅश साफ करून काही मिळणार नाही, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा, दुसऱ्याच्या फोनवर बघा, नाहीतर सरळ रात्री जेवणं झाल्यावर परत प्रयत्न करा.

आणि एक, फोनची तारीख आणि वेळ बघा. तारीख चुकलेली असेल तर साइट "सुरक्षित नाही" म्हणून ब्राउझर अडवतो आणि लोक उगाच कॅशला शिव्या देतात.

अँड्रॉइडवर क्रोममध्ये कसं करायचं, नीट सांगा.

क्रोम उघडा, वर उजवीकडची तीन टिंबं दाबा, "डिलीट ब्राउझिंग डेटा" दिसेल (जुन्या फोनमध्ये "क्लिअर ब्राउझिंग डेटा" किंवा मग हिस्टरीच्या आत जाऊन). फोन हिंदीत असेल, आपल्याकडे बऱ्याच जणांचा असतोच, तर "मिटाएं" किंवा "हटाएं" असं काहीतरी लिहिलेलं असेल, घाबरू नका, जागा तीच.

आता इथे थांबा. नवीन क्रोममध्ये एक छोटी खिडकी वर येते आणि तिच्यात वेळ आपोआप "लास्ट १५ मिनिट्स" लावलेली असते. लोक घाईत डिलीट मारतात, फक्त शेवटच्या पंधरा मिनिटांचं साफ होतं, गेल्या महिन्यापासून अडकलेली कुकी आहे तिथेच राहते, आणि मग ग्रुपवर येऊन म्हणतात की करून बघितलं, काही फरक नाही. वरून त्या वेळातले उघडे टॅब पण बंद होतात ते वेगळंच. म्हणून त्या खिडकीत "मोअर ऑप्शन्स" दाबा, वेळ "ऑल टाइम" करा, आणि मग खाली चौकोन दिसतील ते एकेक वाचा.

ब्राउझिंग हिस्टरी, कुकीज अँड साइट डेटा, कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स, सेव्ह्ड पासवर्ड्स, ऑटोफिल (म्हणजे फॉर्ममध्ये आपोआप भरलं जाणारं नाव-पत्ता वगैरे), साइट सेटिंग्ज, टॅब्ज. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, डायपर वेगळं हे इंदूरकरांना आता झोपेत पण जमतं, २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर काही उगाच नाही आला, पण फोन हातात घेतला की हीच माणसं सगळे चौकोन टिक करून एकाच डब्यात ओततात. तसं करू नका. साइट वाकडी दिसतेय तर फक्त "कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स". लॉगिनची गडबड आहे तर "कुकीज". पासवर्ड आणि ऑटोफिलच्या चौकोनावर टिक नाही ना, हे दोनदा बघा, आणि मगच डिलीट.

पासवर्ड उडतील का? फोटो? व्हॉट्सॲप?

पासवर्डचा चौकोन टिक केला नाही तर पासवर्ड उडणार नाहीत. पण कुकी गेली की लॉगआउट होणार आणि मग पासवर्ड लागणारच, आणि तुम्हाला तो आठवत नसेल, सेव्ह पण केलेला नसेल, तर फोन दोषी नाही. कुकीज साफ करायच्या आधी बघून घ्या की महत्त्वाच्या साइटचे पासवर्ड कुठेतरी आहेत, आणि ज्या जुन्या ईमेलवर किंवा मोबाईल नंबरवर ओटीपी येतो तो अजून चालू आहे. हा नंबरवाला मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, मुलगा पुण्याला गेला, त्याच्या नावावरचं जुनं सिम बंद केलं, आणि बाबांच्या अकाउंटला तोच नंबर जोडलेला, असं कितीतरी घरांत आहे.

फोटो, गॅलरी, डाउनलोड केलेल्या पीडीएफ, व्हॉट्सॲपच्या गप्पा, यातल्या कशालाच ब्राउझरची सफाई हात लावत नाही. क्रोममध्ये गूगल अकाउंट जोडलेलं असेल तर अँड्रॉइडवर त्या गूगल अकाउंटमधून पण तुम्ही बाहेर पडत नाही, बाकीच्या साइटवरून पडता.

मला एकाच साइटचं काढायचंय, बाकीच्यांना हात नको.

शाब्बास, हाच प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा.

क्रोममध्ये ती साइट उघडा. पत्त्याच्या डावीकडे एक छोटी निशाणी आहे, आधी तिथे कुलूप असायचं, २०२३ पासून दोन आडव्या रेघांवर गोळे असल्यासारखी सेटिंगची निशाणी आली. ती दाबा, "कुकीज अँड साइट डेटा" मध्ये जा, तिथे कचऱ्याच्या डब्याचं चित्र असेल, दाबा, खात्री विचारेल, हो म्हणा, पान परत लोड करा. झालं. फक्त त्याच साइटवरून लॉगआउट व्हाल, बाकी सगळं जागच्या जागी.

साइट उघडतच नसेल तर तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, ऑल साइट्स, तिथे नाव शोधा आणि डेटा डिलीट करा. या यादीत तुम्ही कधी ऐकलं पण नाही अशी शेकडो नावं दिसतील, ती बहुतेक जाहिरातवाल्यांची.

सॅमसंगचा ब्राउझर वापरते मी, क्रोम नाही.

सॅमसंग इंटरनेटमध्ये खाली उजवीकडे तीन रेघा, सेटिंग्ज, "पर्सनल ब्राउझिंग डेटा", आणि मग "डिलीट ब्राउझिंग डेटा". जुन्या व्हर्जनमध्ये नाव जरा वेगळं असेल. फायरफॉक्सवाल्यांसाठी, सेटिंग्जमध्ये "डिलीट ब्राउझिंग डेटा" आहे आणि बाजूलाच ब्राउझर बंद करताना दर वेळी आपोआप साफ करायची सोय पण आहे, ज्यांना रोज लॉगिन करायचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी.

प्रत्येक ब्राउझरचं खातं वेगळं असतं बरं का. क्रोम साफ केला म्हणून सॅमसंगचा ब्राउझर साफ होत नाही. काही जणांच्या फोनमध्ये लिंक एका ब्राउझरमध्ये उघडते आणि ते सफाई करत बसतात दुसऱ्यात.

आयफोनवर?

सफारीचं सफारीच्या आत शोधण्यापेक्षा फोनच्या सेटिंग्जमधून करा. आयओएस १८ पासून सेटिंग्जमध्ये खाली "ॲप्स" मध्ये जावं लागतं, मग सफारी, त्याआधीच्या फोनमध्ये सफारी थेट सेटिंग्जच्या यादीतच दिसतं. तिथे "क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा". हे बटण हिस्टरी आणि कुकीज दोन्ही एकदम उडवतं, आणि तुमच्या आयपॅडवर तेच आयक्लाउड चालू असेल तर तिथली हिस्टरी पण जाते.

फक्त एका साइटचं काढायचं असेल तर त्याच पानावर अगदी तळाशी "ॲडव्हान्स्ड", मग "वेबसाइट डेटा", यादीतल्या नावावर बोट डावीकडे सरकवा, डिलीट. ऑटोफिलमधली माहिती याने जात नाही.

आयफोनमध्ये क्रोम वापरत असाल तर ते क्रोमच्या आतूनच साफ करायचं, खाली तीन टिंबं आणि "डिलीट ब्राउझिंग डेटा".

आयफोनवर ते क्लिअरचं बटण फिकट दिसतंय, दाबलं तरी काही होत नाही.

एक तर साफ करण्यासारखं काही नाहीच, किंवा स्क्रीन टाइममध्ये कंटेंटचे निर्बंध लावलेत. मुलांच्या फोनवर आईबाबांनी लावलेले असतात. अमेरिकेतून मुलाने पाठवलेल्या जुन्या आयफोनवर नातवासाठी लावलेले निर्बंध तसेच राहून जातात आणि आजी बटण दाबत बसतात, तर सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम बघा, कोड त्यालाच विचारावा लागेल.

फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या आत "क्लिअर कॅश" आणि "क्लिअर स्टोरेज" अशी दोन बटणं आहेत. कुठलं दाबू?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, इथे हात चुकला तर परत फिरता येत नाही.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, मग कुठलंही ॲप, मग स्टोरेज असं गेलं की ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात. "क्लिअर कॅश" निवांत दाबा, तात्पुरत्या फाइली जातात, ॲप परत बनवून घेतं. "क्लिअर स्टोरेज" किंवा "क्लिअर डेटा" म्हणजे ते ॲप तुम्ही आत्ताच पहिल्यांदा टाकलंय अशा अवस्थेत नेणं, लॉगिन, सेटिंग, आतलं सगळं साफ.

व्हॉट्सॲपवर "क्लिअर स्टोरेज" दाबलं तर गप्पा ॲपमधून जातात, गूगल अकाउंटवर बॅकअप असेल तर परत येतात, तेही बॅकअप घेतल्या दिवसापर्यंतच्या. लग्नाचे फोटो, वारलेल्या माणसाचे व्हॉइस मेसेज, सगळं त्याच्यात असतं लोकांचं. फोनची जागा भरली म्हणून कोणी "व्हॉट्सॲपमध्ये जाऊन क्लिअर डेटा मार" सांगितलं तर त्या माणसाचं ऐकू नका, मग तो जेल रोडच्या मोबाईल मार्केटमधला कितीही हुशार भिया का असेना.

यूपीआयच्या ॲपवर क्लिअर डेटा मारलं तर पैसे कुठे जात नाहीत, पण परत सिमवरून एसएमएस जाऊन नंबरची खात्री होईपर्यंत पेमेंट होणार नाही, आणि ते तुम्हाला छप्पन दुकानला खाऊन झाल्यावर कळेल.

नुसतं ब्राउझर साफ केलं तर यूपीआय बंद पडेल का? बँकेचं काय?

यूपीआय ॲप ब्राउझरवर चालत नाही, ते तुमच्या सिमशी आणि फोनशी बांधलेलं असतं. त्याला काही होत नाही. बँकेची साइट ब्राउझरमध्ये उघडत असाल तर तिथे तसंही काही मिनिटं हात लावला नाही की लॉगआउट होतं. कुकी गेली की साइट तुमच्या ब्राउझरला ओळखत नाही, त्यामुळे एखादा जास्तीचा ओटीपी किंवा "नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं" असा मेसेज येऊ शकतो. तुम्हीच आत्ता लॉगिन केलं असेल तर ठीक. तुम्ही केलं नसेल आणि मेसेज आला तर मात्र कुकीचा दोष समजून सोडून देऊ नका, आधी पासवर्ड बदला आणि बँकेला फोन लावा.

मी एकदा महेश्वरी साडी बघितली, आता बातम्या वाचायला गेले तरी साडी, रेसिपी बघायला गेले तरी साडी. कुकीज काढल्या की थांबेल?

काही दिवस कमी होईल. होतं असं की साडीच्या दुकानाच्या पानावर त्या दुकानाशिवाय एका जाहिरात कंपनीचा पण तुकडा बसलेला असतो, तो स्वतःची कुकी ठेवतो, आणि बातम्यांच्या साइटवर पण त्याच कंपनीचा तुकडा असतो, त्याला ती कुकी दिसते आणि तो ओळखतो की या त्याच साडीवाल्या बाई. याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. सफारीने २०२० मध्ये अशा कुकीज मुळातच अडवायला सुरुवात केली, फायरफॉक्सने पण प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायला घेतल्या. क्रोम पण बंद करणार करणार म्हणून वर्षानुवर्षं चाललं होतं आणि २०२४ मध्ये गूगलने सांगितलं की नाही करत. जाहिरातींवर ज्यांचं घर चालतं त्यांच्याकडून दुसरं काय होणार.

तर क्रोममध्ये तुम्हालाच बंद करावं लागतं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड पार्टी कुकीज, ब्लॉक. एखाद्या साइटवर पेमेंट किंवा व्हिडिओ अडकला तर तेवढ्या साइटपुरतं परत चालू करता येतं. पण तुम्ही गूगलवर किंवा फेसबुकवर लॉगिन करून बसला असाल तर त्यांच्याकडे तुमची आवड त्यांच्या सर्व्हरवर लिहिलेली आहे, फोनमधली कुकी काढून ती पुसली जात नाही. तिथे त्यांच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्येच जावं लागेल.

हिस्टरी उडवली की सगळं गेलं ना? घरात कोणाला दिसणार नाही?

ब्राउझरमधून गेलं, आणि सिंक चालू असेल तर त्याच अकाउंटच्या दुसऱ्या फोनवरून आणि लॅपटॉपवरून पण गेलं. पण गूगल अकाउंटमध्ये "माय ॲक्टिव्हिटी" म्हणून वेगळी वही आहे, त्यात तुम्ही काय शोधलं ते राहू शकतं, ती वेगळी साफ करावी लागते. यूट्यूबचं पण तिथेच.

उलटं पण होतं. बाबांच्या आणि मुलाच्या फोनवर एकच गूगल अकाउंट असतं, कारण फोन घेतला तेव्हा दुकानवाल्याने पटकन तेच टाकून दिलं, आणि मग एकाने शोधलेलं दुसऱ्याला दिसतं. यावर सफाई हा उपाय नाही, वेगळं अकाउंट करा.

मग इनकॉग्निटोच वापरत राहिलं तर?

चालेल, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. सगळे इनकॉग्निटो टॅब बंद केले की त्यातल्या कुकीज आणि हिस्टरी फोनमधून जातात. डाउनलोड केलेली फाइल राहते. तुमच्या इंटरनेट कंपनीला आणि ऑफिसच्या वायफायवाल्यांना तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतंच. दुसऱ्याच्या फोनवर पटकन आपलं ईमेल बघायचंय, तिथे इनकॉग्निटो एकदम बरोबर.

कियॉस्कवर किंवा शेजाऱ्यांच्या फोनवर लॉगिन केलं होतं. त्याने कुकीज साफ केल्या तर माझं अकाउंट सुरक्षित झालं?

समग्र आयडीचं काम, पेन्शनचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म, आपल्याकडे लोक एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर जाऊनच भरतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

कुकी साफ करणं आणि लॉगआउट करणं एकच नाही. लॉगआउट दाबलं की साधारणपणे साइट तिच्या बाजूने ते सेशन, म्हणजे तुमचं चालू लॉगिन, संपवते. नुसती कुकी काढली तर त्या ब्राउझरमधून किल्ली गेली, पण साइटच्या सर्व्हरवर ते सेशन मुदत संपेपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून आधी लॉगआउट, मग वाटलं तर सफाई. विसरून घरी आलात तर आपल्या फोनवरून गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये "युअर डिव्हायसेस" बघा, तिथून लांबूनच साइन आउट करता येतं, आणि मनात शंका असेल तर पासवर्ड बदला. "पासवर्ड सेव्ह करू का?" असं दुसऱ्याच्या फोनने विचारलं की नेहमी नको म्हणा.

आणि फोन विकायचा किंवा एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर कॅश-कुकीवर थांबू नका, बॅकअप घ्या, अकाउंट काढा, फॅक्टरी रीसेट करा.

"तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले, लगेच साफ करा" असं सारखं येतंय. कॅश क्लिअर करून पण जात नाही.

कारण ते कॅशमध्ये नाहीच. कधीतरी एखाद्या साइटने विचारलं असेल की नोटिफिकेशन पाठवू का, आणि पान पुढे जावं म्हणून तुम्ही "अलाऊ" दाबलं. आता ती साइट रोज भीती घालतेय. क्रोम, सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स किंवा साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी नावं शोधा आणि ब्लॉक करा. नोटिफिकेशन आलं की त्याच्यावरच बोट दाबून धरलं तरी बंद करायचा पर्याय दिसतो.

त्या मेसेजमधलं ॲप टाकू नका, दिलेल्या नंबरला फोन करू नका. टाकलं असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

क्लीनर ॲप टाकू का?

नको. वर सांगितलेलं सगळं फोनमध्येच फुकट आहे, आणि बऱ्याचशा क्लीनर ॲपचा धंदा तुम्हाला जाहिराती दाखवायचा.

साफ केल्यावर फोन फास्ट होतो म्हणतात?

ब्राउझिंग उलट थोडा वेळ हळू होतं, कारण सगळं सामान परत डाउनलोड करावं लागतं. जागा मोकळी होते पण किती, ते तुमच्या वापरावर, आणि आठवड्याभरात परत भरते. ३२ जीबीचा फोन भरलाय म्हणून हैराण असाल तर ब्राउझरला सोडा, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "मॅनेज स्टोरेज" उघडा, तिथे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ मोठ्यापासून लहानापर्यंत लावून दाखवतो, खरा माल तिथे आहे.

प्रत्येक साइट कुकीबद्दल विचारते, "ॲक्सेप्ट ऑल" दाबलं तर काय होतं?

ही पद्धत मुख्यतः युरोपच्या नियमांमुळे पसरली, तिथला जीडीपीआर कायदा २०१८ पासून लागू झाला तेव्हापासून या पाट्या फार वाढल्या, आणि साइट जगभर एकच म्हणून आपल्याला पण दिसतात. आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झालाय. "रिजेक्ट" किंवा "ओन्ली नेसेसरी" असं बटण असेल तर ते दाबा, साइट चालायला लागणाऱ्या कुकीज तशाही राहतात. सगळ्या साफ केल्या की ही पाटी परत विचारणार, कारण तुम्ही काय उत्तर दिलं होतं ते पण कुकीतच लिहिलेलं असतं.

फेसबुकमधून लिंक उघडली की तिथेच पान उघडतं, क्रोममध्ये नाही. तिथली कॅश कुठे?

ते फेसबुकचं स्वतःचं आतलं ब्राउझर आहे. फेसबुकच्या सेटिंगमध्ये "ब्राउझर" नावाने शोधा, तिथे त्याचा डेटा साफ करायचा पर्याय वेगळा आहे. सोपा मार्ग म्हणजे पान उघडल्यावर वरची टिंबं दाबून "ओपन इन ब्राउझर" करायचं, विशेषतः जिथे पासवर्ड टाकायचाय किंवा पैसे भरायचेत तिथे तर नक्कीच.

किती दिवसांनी करत राहायचं?

ठरलेलं काही नाही. काही बिघडलं नाही तर करू नका. कुकीज अनंतकाळ राहत नाहीत, क्रोमने २०२२ पासून एका कुकीची मुदत जास्तीत जास्त ४०० दिवस केलीय, आणि कॅशची जागा भरत आली की ब्राउझर जुनं सामान स्वतःच काढतो.

सगळं करून झालं, अजूनही उघडत नाहीये.

ब्राउझर अपडेट करा, फोन एकदा बंद करून चालू करा, दुसरा ब्राउझर टाकून बघा. तरी नाही तर ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका, पण स्क्रीनशॉटमध्ये खाते नंबर, आधार आणि ओटीपी दिसत नाही ना ते आधी बघा, आणि "नाही होत आहे" एवढंच न लिहिता फोन कुठला, ब्राउझर कुठला आणि इनकॉग्निटोमध्ये काय झालं ते पण लिहा.